मागच्या ताईंची सायकल

आमच्या गणवेशांच्या कारखान्यात दोन बहिणी एकाच सायकलवर कामाला येत. सायकल त्यांच्या वडिलांची. मूळची पुरुषी आणि उंच. मधला दांडा वेल्डरकडून कापून खाली जोडून घेतलेला, त्यामुळे तिला धड पुरुषी म्हणता येईना आणि धड बायकीही म्हणता येईना. थोरली सायकल चालवायची. धाकटी मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायची. एक हात थोरलीच्या कमरेशी, दुसऱ्या हातात दोघींचे डबे. कारखान्यातही थोरली काजांच्या यंत्रावर आणि धाकटी तिच्या मागच्या टेबलावर बटणं लावायला. काज झाल्याशिवाय बटण लागत नाही, त्यामुळे हा क्रम कधी बदलला नाही. कुणी पहिल्यांदा म्हटलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण त्यांना पुढच्या ताई आणि मागच्या ताई अशी नावं पडली. कारखान्याचा हिशेब मी पाहतो, तरी पगाराच्या दिवशी त्यांची कागदावरची नावं वाचून मलाच क्षणभर थांबावं लागे.

संध्याकाळी काम सुटलं की फाटकापाशी रोज एक लहानसा प्रसंग घडायचा. पुढच्या ताई सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकून सायकल धरायच्या. त्या उंच होत्या, त्यांना ते जमायचं. मागच्या ताई कॅरिअरवर बसायच्या, पदर आवरायच्या, डबे मांडीवर घ्यायच्या. मग पुढच्या ताई मान न वळवता विचारायच्या, "बसलीस?"

"बसले."

आणि सायकल निघायची.

आमच्या रखवालदाराला या प्रश्नाची भारी गंमत वाटायची. "एक दिवस ही उत्तर द्यायची विसरणार," तो म्हणायचा, "अन् अक्का तशाच घरी पोचणार. दारात जाऊन विचारतील, उतरलीस?" मागच्या ताईही थोरलीला अक्काच म्हणायच्या. त्या हसायच्या, पण उत्तर द्यायला कधी विसरल्या नाहीत.

दोघींची लग्नं झाली नव्हती. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वडिलांच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यांतच दोघी राहत. मधला एक भाऊ होता, तो दूरच्या गावी बायको, मुलगा, सून आणि जुळ्या नातवंडांसह राहायचा. सुट्टीत कधी येऊन जायचा. बाकी दोघींचं जग म्हणजे दोन खोल्या, कारखाना आणि मधला रस्ता.

पुढच्या ताई गेल्या त्या अचानक. ताप आला, छातीत उतरला, दवाखान्यात नेलं आणि तिथून परत आणायची वेळच आली नाही. भाऊ आला. भल्या माणसासारखं त्याने सगळं मार्गी लावलं. औषधं टाकली, अक्कांचे कपडे गरजूंना दिले, विजेचं बिल भरलं. जाता जाता भंगारवाल्याला हाक मारून त्याने सायकलही देऊन टाकली. मागच्या ताई तेव्हा आतल्या खोलीत निजल्या होत्या. बाहेर आल्या तर भिंतीला फक्त हँडलच्या घासण्याची काळी रेघ राहिली होती.

"धाकटे, ती बघून तू रोज रडली असतीस," भाऊ म्हणाला. "आणि तुला चालवता कुठं येते?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग भावाने मुद्द्याचं सांगितलं. "मी पुढल्या महिन्यात परत येतो. खोल्या सोडून देऊ. आमच्याकडं चल. जुळी पोरं आहेत घरात, तुझा वेळ छान जाईल."

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या दिवसांत आम्ही पाहत होतो ते एवढंच, की मागच्या ताई सायकलवर बसून जाता येत नाही अशा अरुंद बोळांच्या वाटेने चालत येतात. अंतर तसं फार नव्हतं. धडधाकट माणूस गप्पा मारत येईल एवढं. पण त्यांच्या टाचेचं जुनं दुखणं होतं. आल्या की खुर्चीचा हात धरून बसायच्या, आणि दुपारपर्यंत पाय टेबलाखाली बटणांच्या खोक्यावर ठेवून काम करायच्या. त्या रस्त्याला बस नाही. रोज दोन वेळा रिक्षा करायची तर पगार रिक्षावाल्याच्याच हातात ठेवावा लागला असता. काजांच्या यंत्रावर नवी बाई आली होती. कामाला चोख होती, पण शर्टांचा गठ्ठा टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवायची. मागच्या ताईंचा हात सवयीने डावीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. त्यांनी तिला कधी सांगितलं नाही.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुम्ही म्हणे चार दुकानं फिरल्याशिवाय रुमालसुद्धा घेत नाही."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. मला सायकल घ्यायचीय. स्वस्तातली. रोज इथवर यायची आणि परत जायची, बाकी कुठं नाही."

"ताई, चालवता येते का?"

"लहानपणी येत होती. एकदा पडले, हनुवटी फुटली. अक्का म्हणाली, तू आपली मागं बस. ते आजपर्यंत मागंच."

"मग आता जमेल?"

त्यांनी जरा वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. "नाही जमलं तर दादाकडं जायचं. दादा वाईट नाही, वहिनी वाईट नाही. दोन वेळचं जेवण घालतील, आजारी पडले तर बघतील. पण भाऊ, तिथं मी सकाळी उठून कुठं जाणार?"

मी म्हटलं, "उद्या अर्धा दिवस सुट्टी आहे. बघून येऊ."

रात्री जेवताना मी मनाशी विचार केला. रस्ता सपाट, मध्ये एकच लहानसा चढ. म्हणजे गिअरची सायकल म्हणजे उगाच खर्च. साडीत चालवायची, तर मधला दांडा खाली असलेली हवी आणि साखळीवर झाकण हवं, नाहीतर पदर साखळीत जायचा. दोन्ही बाजूंनी टेकणारं स्टँड हवं, म्हणजे उभी करताना तोल जाणार नाही. सीट खाली-वर करता यायला हवी. चाकं बेताची, वजन कमी. घंटा आणि ब्रेक तर हवेतच. विजेवर चालणाऱ्या सायकलींची आमच्या रखवालदाराने शिफारस केली होती, पण त्या किमतीत आम्ही दोघांनी मिळून रखवालदारालाच विकत घेतलं असतं.

आधी जुन्या सायकलींच्या दुकानात गेलो. तिथे एक बरी दिसली, पण चाक फिरवून पाहिलं तर डुलत होतं, आणि दुकानदार म्हणाला, "चालेल की, थोडी नाचते एवढंच." मागच्या ताई म्हणाल्या, "मला नाचायचं नाही." आम्ही बाहेर पडलो आणि मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेलो.

तिथला दुकानदार गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा. आल्या आल्या "या मालक, या ताई" म्हणून त्याने रांगेतल्या सायकली दाखवायला सुरुवात केली. मी मला हव्या असलेल्या गोष्टी सांगितल्या. त्याने एक लहानशी, निळी, पुढे टोपली असलेली सायकल काढली. दांडा खाली, साखळीवर झाकण, किंमतही आवाक्यात. माझ्या मते काम झालं होतं.

मागच्या ताईंनी त्या सायकलीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हिला कॅरिअर नाही?"

"नाही ताई. हलकी राहावी म्हणून कंपनी देत नाही. हवं तर वेगळं लावून देतो."

"कॅरिअर असलेली दाखवा."

त्याने दाखवली. ताईंनी हँडलला हात लावला नाही, ब्रेक दाबला नाही, घंटा वाजवली नाही. दुकानदाराला म्हणाल्या, "जरा धरता का," आणि मागे जाऊन कॅरिअरवर बसल्या. एका बाजूला पाय सोडून. थोडं पुढे सरकल्या, थोडं मागे सरकल्या, आणि उतरून म्हणाल्या, "दांड्या टोचतात. दुसरी."

दुसरीवर बसल्या. "ही अरुंद आहे." तिसरीवर बसल्या. "पाय ठेवायला काही नाही."

दुकानदाराने दोन्ही हातांनी सायकल धरलेली, चेहऱ्यावर घाम. "ताई," तो म्हणाला, "लोक येतात, ब्रेक बघतात, टायर दाबून बघतात. प्रवासी म्हणून आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय. चालवणार कोण?"

"मीच."

"मग हँडल पुढं असतं हो."

"असू दे. मला बसायची जागा बघू द्या."

मीही मनात हसलो, हे कबूल. मग त्या चौथ्या सायकलीच्या कॅरिअरवर बसल्या. रुंद, वर जाड गादी शिवलेली, खाली पाय टेकवायला दोन आडव्या पट्ट्या. बसल्या, पदर आवरला आणि उजवा हात पुढे केला. तो हात बरोबर तिथे गेला जिथे चालवणाऱ्याची कंबर असते, आणि तिथे काही नव्हतं म्हणून खाली येऊन सीटच्या कडेवर टेकला. त्या तशाच बसून राहिल्या.

"हीच द्या," त्या म्हणाल्या.

सायकल दणकट होती, लांब रस्त्यांवर ओझी नेणाऱ्यांसाठी केलेली. मी बाजूला घेऊन सांगितलं, की ताई, ही जड आहे, उंच आहे, निळीपेक्षा महाग आहे, आणि मागच्या गादीचे पैसे आपण उगाच भरतोय. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, सायकल घ्यायची म्हणजे एवढंच मला कळतं. इतकी वर्षं मी एवढंच बघत आले." वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुकानदाराने मात्र एक चांगलं केलं. पावती देताना म्हणाला, "आठवडाभरात जमलं नाही तर आणा. फक्त रंग खरवडू नका."

कारखान्याच्या मागे कापडाच्या गाठी उतरवायचं मोकळं आवार आहे. संध्याकाळी काम सुटल्यावर तिथे शिकवणी सुरू झाली. मी सायकलीचं मागचं टोक धरायचो आणि रखवालदार पुढे उभा राहून सूचना द्यायचा. त्याला स्वतःला सायकल येत होती की नाही ते अजून मला ठाऊक नाही.

"ताई, खाली बघू नका! समोर बघा! तुम्ही तर चाकाला नमस्कार करताय!"

"तुम्ही बाजूला व्हा आधी, मग बघते समोर."

त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते. सीट जेवढी खाली जाईल तेवढी केली, तरी फक्त अंगठे टेकायचे. सायकल कलली की सावरायला काही नाही. मागे ओझं असेल असं धरून केलेली, आणि गादीवर कुणी नाही, त्यामुळे मागचं चाक उडायचं आणि पुढचं भरकटायचं. दुसऱ्या दिवशी त्या गाठींच्या ढिगावर पडल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीवर. लागलं फार नाही, कोपर खरचटलं. रंग मात्र खरवडला.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. रखवालदार पाणी आणायला गेला. त्या सायकलीकडे पाहत होत्या. ती आडवी पडली होती आणि चाक उगाच फिरत होतं.

"भाऊ, मी बसायची जागा छान बघून घेतली," त्या म्हणाल्या. "चालवायची जागा बघितलीच नाही."

"बदलून आणू."

"तिच्यावर कुणी बसणार नाही हे मला ठाऊक होतं. वेडी नाही मी. पण दुकानात गेल्यावर हातपाय आपोआप मागंच गेले." मग जरा थांबून, "दादा रविवारी येतोय. सामान बांधायला दोर घेऊन येतो म्हणाला."

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकल हातात धरून दुकानात नेली. दुकानदाराने ओरखड्यावर बोट फिरवलं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, आणि म्हणाला, "रंग खरवडू नका म्हटलं होतं."

"भिंतीला सांगायचं राहून गेलं," मागच्या ताई म्हणाल्या.

तो हसला आणि तिथेच त्याचा घासाघीस करायचा मूड गेला. निळी सायकल अजून तशीच उभी होती. ओरखड्याचं थोडं कापून घेऊनही उरलेल्या पैशांत ती बसली. या वेळी ताई सरळ पुढे गेल्या. हँडल धरलं, दांड्यावरून पाय टाकला, सीटवर बसल्या. सीट खाली घेतली. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. त्यांनी पायांकडे पाहिलं, मग ब्रेक दाबून पाहिला. घंटा एकदाच वाजवली.

"कॅरिअर लावून देऊ ना?" दुकानदाराने पान्हा हातात घेतला. "ओरखड्याचे कापले, तर कॅरिअर माझ्याकडून."

मला वाटलं त्या हो म्हणतील. फुकट मिळत होतं आणि उपयोगाचंही होतं. गिरणीतून दळण आणायचं असलं, काही ठेवायचं असलं. ताईंनी मागे वळून सीटच्या मागच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"नको," त्या म्हणाल्या. "डबा टोपलीत मावतो. एकच असतो."

आवारात निळी सायकल पहिल्या दिवसापासून ऐकायला लागली. पडल्यासारखं झालं की पाय टेकायचे. ढकलून दिली की त्या भिंतीपर्यंत नीट जायच्या, वळायच्या, परत यायच्या. अडायचं ते एकाच ठिकाणी. आपली आपण सुरुवात करता येईना. सीटवर बसायच्या, एक पाय पायडलवर ठेवायच्या आणि तशाच थांबायच्या. मी म्हणायचो, दाबा. त्या म्हणायच्या, हो. आणि दाबायच्या नाहीत.

"काय अडतंय?"

"काही नाही. आत्ता निघते."

निघत नव्हत्या. मला वाटलं भीती असेल. चालवताना भीती नाही आणि निघताना कशी, ते मात्र कळत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी अंधार पडायला आला होता. रखवालदार फाटकाची किल्ली घेऊन कंटाळून उभा होता. त्याने जांभई दिली, आणि सवयीनेच म्हणाला की मुद्दाम, ते त्याचं त्याला माहीत:

"काय ताई, बसलात?"

"बसले," त्या म्हणाल्या. आणि पाय दाबला गेला.

सायकल निघाली. आवारभर फिरली, फाटकातून बाहेर गेली, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. रखवालदार किल्ली हातात घेऊन उभाच होता. ताई उतरल्या, त्यांनी पदराने तोंड पुसलं, घाम होता, आणि म्हणाल्या, "आता बंद करा तुमचं फाटक. उशीर झाला तुम्हाला." अंधार होता, म्हणून त्या सायकल हातात धरून बोळांतूनच घरी गेल्या.

रविवारी भाऊ आला. त्याला घ्यायला मागच्या ताई बसथांब्यावर सायकलवरून गेल्या. तो उतरला, खांद्यावर पिशवी, पिशवीत खरंच दोर. समोर बहीण निळी सायकल धरून उभी.

"ही कुणाची?"

"माझी."

"चालवत आलीस?"

"मग काय, काखेत मारून आणली?"

त्याने सायकलीभोवती फिरून पाहिलं. "कॅरिअर नाही हिला? पिशवी तरी ठेवता आली असती. मलाही मागं बसता आलं असतं."

"तू चाल, दादा. मी हळू घेते."

पण त्यांना सायकल हळू चालवता येत नव्हती. हळू घेतली की तोल जायचा. म्हणून त्या जरा पुढे जायच्या, पाय टेकून थांबायच्या, भाऊ येऊन पोचला की पुन्हा पुढे. असं करत करत दोघं घरी आली. भाऊ मागून येताना बहिणीची पाठ पाहत होता. इतकी वर्षं त्याने सायकलवर थोरलीची पाठ पाहिली होती, धाकटीची कधीच नाही. घरी पोचल्यावर त्याने चहा घेतला, दोन्ही खोल्यांत एकदा फिरला, खिडकीची मोडलेली कडी त्या दोराने बांधून दिली आणि दुपारच्या बसने परत गेला. सामान बांधायचा विषय त्याने काढला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "धाकटे, हवा भरत जा वेळेवर."

सोमवारी त्या पहिल्यांदा एकट्या सायकलवरून कामाला आल्या, आणि उशिरा आल्या. आम्ही सगळे काळजीत. नव्या काजवाल्या बाईचा गठ्ठा टेबलावर साचला होता. रखवालदार तीनतीनदा रस्त्यावर जाऊन पाहून आला. शेवटी निळी सायकल फाटकातून आत आली, आणि ताई थेट माझ्या टेबलापाशी आल्या, गोऱ्यामोऱ्या होऊन.

"पडलात?"

"नाही. भाऊ, मी रस्ता चुकले."

"कुठला रस्ता?"

"रोजचा."

मी हिशेबाची वही मिटली.

"कडेचं सगळं मला ओळखीचं आहे," त्या म्हणाल्या. "चष्म्याचं दुकान, जिन्याखालचा चावीवाला, हिरवं दार, त्या दारातला म्हातारा. पण समोर काय असतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. चालत यायचे ती बोळांतून, आणि सायकलवर समोर अक्का असायची. वळण आलं की तिचा खांदा कलायचा, मग मीही कलायचे. आज खांदा नव्हता, मी आपली सरळ गेले. थेट पाण्याच्या टाकीपाशी पोचले तेव्हा कळलं, इथं आपण कधी आलोच नव्हतो." मग हसायचा प्रयत्न करून, "अक्का असती तर म्हणाली असती, एवढी वर्षं फुकट फिरवलं तुला."

"कुणाला विचारायचं होतं."

"काय विचारू? मी रोज कामाला कुठं जाते, असं?"

मी म्हटलं, "उद्यापासून हिरव्या दाराशी वळा."

"हिरवं दार वळल्यावर लागतं," त्या म्हणाल्या आणि आपल्या टेबलाकडे गेल्या. जाताना त्यांनी काजवाल्या बाईला पहिल्यांदा सांगितलं, "गठ्ठा डावीकडं ठेवत जा गं. मला तिकडून सवय आहे."

आता या गोष्टीला बरेच महिने झाले. ताई वेळेवर येतात. टायर पंक्चर झालं तर चावीवाल्याच्या शेजारच्या माणसाकडून काढून घेतात. टाच अधूनमधून दुखते, पण पाय खोक्यावर ठेवावा लागत नाही. मी त्यांना एकदा विचारलं, की संध्याकाळी आपला रखवालदार विचारतो, सकाळी घरून निघताना काय करता? म्हणाल्या, "थांबते जरा. मग निघते." त्या दोन खोल्यांच्या दाराशी, हँडलची रेघ असलेल्या भिंतीजवळ, सीटवर बसून पाय टेकून त्या किती वेळ थांबत असतील, ते त्यांनाच माहीत.

परवा संध्याकाळी रखवालदार खुशीत होता. ताई सायकल घेऊन आल्या तसं त्याने फाटक सगळं उघडलं आणि सलाम ठोकला. "या, पुढच्या ताई! आता तुम्हालाच बढती!"

ताईंनी ब्रेक दाबला. दोन्ही पाय जमिनीवर टेकले.

"ते नाव अक्काचं आहे."

"अहो, पण आता पुढं तुम्हीच बसता ना? मागं कोण आहे?"

"कुणी नाही. पण मला मागचीच म्हणायचं." आवाज चढलेला नव्हता, तरी तो गडबडला. कानाची पाळी खाजवत म्हणाला, "बरं बाई, मागच्या ताई. चुकलं."

ताईंनी टोपलीतला डबा सरळ केला आणि थांबून राहिल्या. तो काय विसरलाय ते त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"बसलात?"

"बसले."

मी कचेरीला कुलूप घालून पायऱ्यांवर उभा होतो. सायकल फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली. कोपरा आला तेव्हा ताईंनी डावा हात बाहेर काढून आपण वळतोय अशी खूण केली. रस्त्यावर मागे कुणीच नव्हतं. त्यांनी हात पूर्ण वळण होईपर्यंत तसाच धरून ठेवला, आणि मग त्या दिसेनाशा झाल्या.